अर्ध्या इंचाचा हट्ट

पुढे जाणाऱ्याला तो वाट देतो, मागे येणाऱ्याला देत नाही. त्याचा स्वभाव इतकाच, आणि तो कधी बदलत नाही. पितळेचं अंग, मुठीत मावेल एवढी चण, दोन्ही तोंडांना आटे आणि पोटावर ओतकामातच उमटलेला एक बाण. गीझर घ्यायला गेलेला माणूस लिटर विचारतो, तारे मोजतो, रंग निवडतो. याची चौकशी कुणी करत नाही. पुण्याजवळच्या दापोडीच्या हार्डवेअर दुकानात तो एल्बो, युनियन, टेफ्लॉन टेप यांच्या गर्दीत एखाद्या खोक्यात पडलेला असतो. ‘अर्धा इंची एनआरव्ही द्या,’ असं प्लंबर म्हणाला की दुकानदार न बघता खोक्यात हात घालतो आणि त्याला बाहेर काढतो.

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व, पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा. आतून तो याहूनही साधा आहे. वरून बिजागरीला लटकलेली एक झापड, आणि ती टेकण्यासाठी घासून सपाट केलेली एक बैठक. टपालपेटीच्या तोंडावरचं झाकण आत ढकलल्यावरच हलतं, तशीच ही झापड. पाणी बाणाच्या दिशेनं आलं की ती उचलली जाते. पाणी थांबलं की आपल्या वजनानं खाली बसते. पाणी उलटं फिरू लागलं तर त्या उलट्या पाण्याचा दाबच तिला बैठकीवर दाबून धरतो. समोरचा जितका जोर करेल तितकी तिची पकड घट्ट. तिला वीज लागत नाही, बटण लागत नाही, माणसाचा हातही लागत नाही. याच कुळातला दुसरा प्रकार स्प्रिंगचा. त्यात झापडीऐवजी छोटी तबकडी असते आणि स्प्रिंग तिला मागून दाबून ठेवते. तो उभा, आडवा, कसाही बसतो. झापडवाल्याला मात्र आडवा तरी ठेवावा लागतो, नाहीतर पाणी खालून वर जाईल असा उभा.

त्याचं घराणं फार जुनं आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनं दट्ट्याचा दाबपंप बनवला, त्यात याचेच पूर्वज होते. आपल्या शेतकऱ्याला तो फूट व्हॉल्व म्हणून चांगला माहीत आहे. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाशी, जाळीच्या टोपीवर बसून तो रात्रभर पाइपातलं पाणी धरून ठेवतो, म्हणून सकाळी मोटार चालू केली की पाणी लगेच चढतं. तो गळका झाला की पाइप रिकामा होतो, पंप हवा धरतो आणि बादलीनं पाणी ओतून पंप भरत बसावं लागतं. गावच्या हापशाच्या पोटातही तोच असतो. दांडा हलवून हलवून हात भरून येतात आणि पाणी वर येत नाही, तेव्हा खालचा व्हॉल्व धरत नाही हे गावातलं पोरगंही सांगतं.

न्हाणीघरात मात्र तो उशिरा आला. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेला तांब्याचा बंब ज्या घरात होता, तिथं त्याची गरज कधी पडली नाही. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, आणि थंड पाणी हातानं ओतायचं. ओतणाऱ्याची घागर आणि बंबातलं पाणी यांच्यामध्ये वीतभर मोकळी हवा असे. ती हवा ओलांडून पाणी उलटं घागरीत चढणं शक्यच नव्हतं. प्लंबिंगच्या शास्त्रात उलट्या प्रवाहावरचा सगळ्यात खात्रीचा इलाज आजही हाच मानतात. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर ठेवायचं, बेसिनचा नळ बेसिनच्या काठाच्या वर ठेवायचा, मध्ये हवा राहू द्यायची. हवेला झीज नाही, गंज नाही, ती अडकत नाही.

गीझर आला आणि हे अंतर गेलं. गच्चीवरची टाकी, तिथून उतरणारा पाइप, मजल्यामजल्यावर फुटणाऱ्या त्याच्या फांद्या आणि फांदीफांदीला टांगलेले गीझर, हे सगळं एका अखंड पाण्यानं जोडलं गेलं. भिंती वेगळ्या, वीजमीटर वेगळे, कुलपं वेगळी, पण पाइपातलं पाणी सगळ्यांचं एक. तळमजल्यावर कुणी नळ उघडला की त्याची ओढ तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचू शकते. ज्या दिवशी आपण शेजाऱ्याशी असे जोडले गेलो, त्या दिवसापासून हा पितळी गडी घराची गरज झाला. बहुतेक घरांना ते अजून कळलेलं नाही.

दापोडीत तर ते कळायला हवंच. इथं पवना मुळेला मिळते. हॅरिस पुलापलीकडं बोपोडी आणि अलीकडं रेल्वे स्टेशन, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचं मोठं आवार, जुनं गावठाण, चाळी, तीन-चार मजली इमारती आणि आता त्यांच्यामधून उठणारे टॉवर. पावसाळ्यात धरणांचे विसर्ग वाढले की नदी फुगते, नाल्यांचं पाणी नदीत जायच्या ऐवजी मागे रेटलं जातं, आणि काठच्या सखल वस्त्यांत ते दारातून आत येतं. पाणी उलटं येतं म्हणजे काय, हे या गावाला समजावून सांगावं लागत नाही.

नळाचं पाणीही त्याच पवनेचं. मावळातल्या धरणातून सुटलेलं पाणी नदीपात्रानं रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होतं आणि मोठ्या नळ्यांनी शहरभर जातं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, आणि तेव्हापासून घराघरात ड्रम, पिंप, जादा टाकी आली. दिवसाआड पाणी याचा दुसरा अर्थ दिवसाआड रिकाम्या नळ्या. माझ्या मते या शहराच्या प्लंबिंगमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. भरलेल्या, दाबाखालच्या नळीला भोक पडलं तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या नळीला भोक असेल तर बाहेरचं आत येतं. भोवतालची ओली माती, शेजारच्या गटाराचा पाझर, साचलेलं डबकं, काहीही. त्यात कुणी लाइनीला थेट मोटार लावली असेल तर ही ओढ कित्येक पटींनी वाढते. पाणी सुटताना नळ आधी फुसफुसतो, मग गढूळ धार येते आणि घरोघरी पहिली बादली ओतून देतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही दूषित नळपाण्यातूनच.

आता इमारतीच्या आत येऊ. गच्चीवरची टाकी संपली आहे, किंवा धुण्यासाठी रिकामी केली आहे. तळमजल्यावर कुणीतरी नळ उघडतं आणि उभ्या पाइपातलं उरलंसुरलं पाणी खाली उतरू लागतं. वरच्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं, बघू तरी पाणी येतंय का, आणि तो गरम पाण्याचा नळ उघडतो. नळातून पाणी येत नाही, उलट हवा आत जाते. त्या हवेला गीझरच्या माथ्यापर्यंत वाट मिळते, आणि गीझरचं सगळं पाणी, ज्या थंड पाण्याच्या नळीनं ते आत आलं होतं त्याच नळीनं खाली निघून जातं. भिंतीवरच्या गीझरमध्ये ही थंड नळी तळाशीच शिरते, त्यामुळे पोटात फारसं काही उरत नाही. बटण चालू राहिलं असेल तर दोन हजार वॉटची कॉइल कोरड्या टाकीत तापत राहते. पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकते. हवेत तिला जळायला फार वेळ लागत नाही. थर्मल कटआउटनं वेळेवर वीज तोडली तर ती वाचते, पण रोज त्याच्या भरवशावर राहणं बरं नाही.

याहून वाईट अवस्था म्हणजे टाकीखालचा कॉक बंद असताना खाली नळ उघडला जाणं. वरून हवा यायला जागा नसते, म्हणून पाइपात पोकळी तयार होते आणि जिथून मिळेल तिथून ती ओढू लागते. सायफनचं गणित सोपं आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या आपल्या भागात साडेनऊ मीटरच्या आसपास. म्हणजे तीन मजले. दापोडीतल्या जुन्या इमारतींची उंची बरोबर तेवढीच आहे, त्यामुळे तळाच्या नळाची ओढ वरच्या गीझरला जवळजवळ पूर्ण ताकदीनं बसू शकते. गीझरच्या टाकीचा पत्रा आतून बाहेर ढकलणारा दाब सोसायला बनवलेला असतो. बाहेरून आत दाबणाऱ्या हवेपुढं तो चेपू शकतो.

मग प्लंबरला बोलावणं जातं आणि संभाषण ठरलेलं असतं.

‘काकू, कॉइल पुन्हा गेली.’

‘अरे, दिवाळीत तर बदललीस ना रे!’

‘मधे टाकी रिकामी झालेली का?’

‘परवाच धुतली की सोसायटीनं.’

‘मग एनआरव्ही लावून घ्या आता. नाहीतर पुढच्या वेळी टाकी धुतली की मी परत येतोच.’

जळलेली कॉइल बदलता येते. ओढल्या गेलेल्या पाण्याबरोबर जे येतं त्याची किंमत मोठी असते. संडासातला जेट स्प्रे किंवा हँड शॉवर भरल्या बादलीत बुडवून, नळ चालू ठेवून माणूस दुसऱ्या कामाला जातो. त्याच वेळी पाइपात पोकळी झाली, तर बादलीतलं साबणाचं, फिनाइलचं किंवा त्याहून घाण पाणी उलटं चढतं, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उतरतं. ही भीती कल्पनेतली नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक मेळा भरला होता. देशभरातून आलेले पाहुणे मोठ्या हॉटेलांत उतरले आणि घरी गेल्यावर अमीबाच्या आमांशानं आजारी पडू लागले. हजाराहून अधिक लोकांना लागण झाली आणि ९८ जणांचा जीव गेला. तपासात निघालं ते हॉटेलांचं जुनं, वेडंवाकडं जोडलेलं प्लंबिंग. मैलापाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या नळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि दाब कमी झाला की बाथटब, संडास यांच्यातलं पाणी पिण्याच्या लाइनीत ओढलं जात होतं. उलट्या प्रवाहाकडं प्लंबिंगच्या नियमांनी गांभीर्यानं बघितलं त्यामागं ही साथ आहे. अमेरिकेतल्या जमिनीवर उभ्या गीझरमध्ये थंड पाण्याची नळी माथ्यातून आत शिरून तळापर्यंत उतरते. त्या नळीला वरच्या टोकाशी एक बारीक भोक ठेवतात. ओढ बसली तरी पाणी त्या भोकापर्यंतच उतरतं, तिथं हवा शिरते आणि सायफन तुटतो.

उलटा प्रवाह नेहमीच इतका भयंकर नसतो. कित्येकदा तो फक्त कोड्यात टाकतो. थंड नळातून कोमट पाणी येतं, फ्लश टाकीतून वाफ निघते, आणि घरचे म्हणतात लाइन उन्हानं तापली. खरं कारण बहुधा मिक्सरमध्ये असतं. गरम आणि थंड दोन्ही कॉक उघडे, आणि पुढचा हँड शॉवर मात्र खटक्यावर बंद, अशा वेळी गरम आणि थंड लाइन मिक्सरच्या पोटात एकमेकींना भेटतात. जिकडं दाब कमी तिकडं पाणी सरकतं. सोलर असलेल्या इमारतीत हा प्रकार फार आढळतो. सोलरच्या थंड पाण्याच्या लाइनीवर एनआरव्ही नसेल, तर उन्हानं तापवलेलं पाणीही हलकं होऊन हळूहळू मागे थंड टाकीकडं चढतं आणि दिवसभराची कमाई गच्चीवरच जिरते.

आता त्याचे दोषही सांगायला हवेत, कारण त्याला बसवलं की सगळं झालं असं मानणारेही पुष्कळ आहेत. पहिला दोष म्हणजे तो क्षारांना बळी पडतो. पवनेचं पाणी त्या मानानं मऊ, पण टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडू लागलं की बैठकीवर पांढरा थर धरतो. झापड पुरती टेकत नाही आणि हट्टी माणूस मवाळ होतो. दिसायला तो जागेवर असतो, धरत मात्र नाही. दुसरं, स्प्रिंगवाल्याला उघडण्यासाठी थोडा दाब द्यावा लागतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर उंच असते, म्हणजे दाब ०.२ किलोच्या आसपास. त्यातला काही स्प्रिंगनंच खाल्ला तर शॉवरची धार दोरीसारखी बारीक होते आणि चिडलेला घरमालक त्याला काढून फेकायला सांगतो. अशा जागी झापडवालाच हवा. तिसरा दोष त्याचा नाही, बसवणाऱ्याचा. बाण उलटा बसवला की गीझर भरतच नाही. हे निदान लगेच कळतं. घाण वाटते ती चौथ्या प्रकाराची: आतली झापड काढून टाकून, रिकामं अंग जोडून दिलेलं असतं, कारण ‘दाब कमी येत होता’.

पण त्याचा सगळ्यात गंभीर दोष त्याच्या गुणातूनच येतो. पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत तापवलं तर सुमारे दीड टक्का. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये हे जादा पाणी जवळजवळ सव्वादोनशे मिलिलिटर होतं, एक फुलपात्रभर. एनआरव्ही नसताना ते निमूट थंड लाइनीत मागे सरकतं. एनआरव्ही बसवला की मागचं दार बंद होतं. पुढचे गरम नळही बंद. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून आतला दाब भराभर चढतो. गीझरच्या पाटीवर साडेसहा किंवा आठ बार लिहिलेलं असतं. चार मजली इमारतीत टाकीचं पाणी दीड बारही देत नाही, पण कोंडलेलं, तापणारं पाणी तो आकडा सहज गाठतं. थर्मोस्टॅट अडकला तर प्रश्न आणखी कठीण. शंभर अंशांच्या पुढं गेलेल्या कोंडलेल्या पाण्याचा काही भाग टाकी फुटताक्षणी वाफ होतो, आणि वाफ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते.

म्हणून एनआरव्ही एकटा कधीच बसवू नये. त्याला जोडीदार हवा, सेफ्टी व्हॉल्व. आजच्या साठवणीच्या गीझरना थंड पाण्याच्या तोंडाशी बसवायचा मल्टी फंक्शन व्हॉल्व मिळतो, त्यात दोघं एकाच अंगात असतात. एक मागे जाऊ देत नाही, दुसरा जास्त झालेलं बाहेर सोडतो. पाणी तापताना त्याच्या बारीक तोंडातून थेंब पडतात. हे थेंब पाहून घरातली माणसं अस्वस्थ होतात. ‘नवा गीझर, आणि गळतोय?’ मग कुणी त्या तोंडाला बूच मारतं, कुणी एम-सील लावतं. घरातल्या प्लंबिंगमध्ये याहून धोक्याचं काम मला माहीत नाही. तो थेंब गळती नव्हे, ते फुलपात्रभर पाणी आहे. त्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडावी, एवढंच करायचं असतं. नळीचं टोक उघडं राहिलं पाहिजे. आणि त्याच्या अंगावर जी छोटी कळ असते ती अधूनमधून उचलून पाणी निघू द्यावं, म्हणजे क्षार धरून ती जागीच चिकटत नाही.

या पट्ट्याला हे सगळं परकं नाही. दापोडीहून निघून भोसरीमार्गे चाकणला गेलं की चाकण-तळेगाव रस्त्याच्या बाजूला रॅकोल्डचा गीझरचा कारखाना लागतो. भोसरीच्या एमआयडीसीत पितळ, पोलाद कातणारे लेथ अजून फिरतात. पाण्याच्या कामाच्या तांबे-पितळी चेक व्हॉल्वसाठी भारतीय मानक आहे, आयएस ७७८, आणि साठवणीच्या विजेच्या गीझरसाठी आयएस २०८२. ज्या हातांनी मोटारींचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये मोजले, त्यांच्याच घरात गीझरखालचा व्हॉल्व कोणता आहे हे कुणाला ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं. कारखान्यात नळीवर उलटा व्हॉल्व बसला तर मशीन थांबतं, जाब विचारला जातो. घरात विचारणारं कुणी नाही.

किंमत म्हणाल तर चांगला पितळी एनआरव्ही काहीशे रुपयांत येतो, आणि बसवायला प्लंबरला अर्धा तास पुरतो. त्याच्या मागेपुढे युनियन ठेवायला सांगा, म्हणजे पाइप न कापता तो पुढं काढून साफ करता येईल. त्याच्या आणि गीझरच्या मध्ये कुठलाही बंद होणारा कॉक येऊ देऊ नका. सेफ्टी व्हॉल्व गीझर आणि एनआरव्ही यांच्या मध्येच असला पाहिजे. जेट स्प्रे बादलीत बुडवून ठेवू नका, वापर झाला की त्याचा कॉक भिंतीपाशी बंद करा. आणि सोसायटीच्या फळ्यावर टाकी धुण्याची सूचना लागेल तेव्हा तीत एक ओळ वाढवायला सेक्रेटरींना सांगा: त्या दिवशी सर्वांनी गीझरचं बटण बंद ठेवावं आणि टाकी भरून गरम नळाला सलग धार लागेपर्यंत ते चालू करू नये.